टँकरच्या लॉगबुकातली सही : माहिती अधिकाराच्या एका प्रकरणाचा अभ्यास

बीड जिल्ह्यातील एका गावात २०१९ च्या उन्हाळ्यात पाण्याचे टँकर प्रत्यक्षात किती आले आणि कागदावर किती आले, एवढ्याच प्रश्नाभोवती हे प्रकरण फिरते. अर्जदार त्या गावचा पदवीधर शेतकरी आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी वकिली करतो आणि माहिती अधिकाराचे अर्ज, अपिले लिहून देतो. या प्रकरणात दुसऱ्या अर्जापासून पुढचे सगळे लेखन माझे आहे, त्यामुळे त्यातल्या चुकाही माझ्याच आहेत. गाव ओळखू येऊ नये म्हणून त्याचे नाव दिलेले नाही आणि लोकसंख्येचा आकडा गोल केला आहे.

२०१८ चा पावसाळा मराठवाड्यात अर्ध्यावरच संपला. राज्य शासनाने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. या गावातली सार्वजनिक विहीर डिसेंबरातच कोरडी पडली आणि जानेवारीपासून टँकर सुरू झाला. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले तेव्हा ते साऱ्या देशाने पाहिले. खेड्यातल्या टँकरकडे मात्र तो ज्या दिवशी येत नाही त्या दिवशीच काय ते लक्ष जाते.

टँकर सुरू करण्याची कागदोपत्री वाट ठरलेली आहे. ग्रामपंचायत मागणी करते, गटविकास अधिकारी आणि तहसीलदार संयुक्त पाहणी करतात, टंचाई असल्याची खात्री झाली की मंजुरीचा आदेश निघतो आणि त्यात रोजच्या खेपा नेमून दिलेल्या असतात. ग्रामीण भागासाठी माणशी रोज २० लिटर हा हिशेब धरला जातो. सुमारे २,१०० वस्तीच्या या गावाला त्या हिशेबाने ४२,००० लिटर पाणी लागत होते, म्हणून १२,००० लिटरच्या टँकरच्या रोज ४ खेपा मंजूर झाल्या. टँकरबरोबर एक लॉगबुक फिरते. त्यात तारीख, उद्भवावर (म्हणजे पाणी भरून घेण्याच्या ठिकाणी) टँकर भरल्याची वेळ, गावात रिकामा केल्याची वेळ, किलोमीटर आणि शेवटी गावकऱ्यांच्या सह्या असतात. या गावच्या लॉगबुकात त्यासाठी दोन रकाने होते आणि ते पाणीपुरवठा समितीतल्या महिलांसाठी होते. टँकरवर जीपीएस यंत्र बसवलेले असते. लॉगबुक आणि जीपीएसचा अहवाल जुळवून पाहायचा आणि मगच पुरवठादाराचे देयक मंजूर करायचे, अशी ही रचना आहे.

गावाची तक्रार मे महिन्याची होती. चार खेपांचा टँकर कधी तीन खेपा करी, कधी दोन, आणि लग्नसराईच्या दिवसांत एकदा सलग दोन दिवस फिरकलाच नाही. विचारले की चालक सांगे, डिझेल नव्हते, उद्भवावर वीज नव्हती.

पहिला अर्ज

अर्जदाराने जून २०१९ मध्ये तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज दिला. तो दोन पानी होता आणि त्यात अकरा प्रश्न होते. ‘आमच्या गावाला टँकर रोज का येत नाही’, ‘याला जबाबदार अधिकारी कोण’, ‘पुरवठादारावर अद्याप गुन्हा का दाखल केला नाही’, ‘गोरगरिबांनी पाणी पिऊ नये असा शासनाचा निर्णय आहे काय’ असे ते प्रश्न होते. संताप खरा होता आणि भाषाही चांगली होती, पण माहिती अधिकाराचा अर्ज म्हणून त्या दोन पानांत काही नव्हते. तिसाव्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले की, मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.

हे उत्तर वाचून अर्जदाराला वाटले की कार्यालयाने आपल्याला हाकलून लावले. खरे तर उत्तराचा निम्मा भाग कायद्याला धरून होता. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २ मध्ये माहितीची जी व्याख्या आहे, तिच्यात अभिलेख, दस्तऐवज, टिपणी, आदेश, लॉगबुक, करार, अहवाल, नमुने असे सगळे येते. लॉगबुक हा शब्द तर व्याख्येत नावानिशी आहे. जे कार्यालयाच्या कपाटात किंवा ताब्यात आहे ते मागता येते, पण अधिकाऱ्याने एखाद्या गोष्टीचे कारण शोधून, त्यावर मत बनवून ते लिहून द्यावे, असे मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये हेच सांगितले, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात अभिलेखावर नसलेली माहिती तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही हे स्पष्ट केले. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर एखाद्या टिपणीत लिहिलेले असेल तर ती टिपणी मागावी.

उत्तराचा दुसरा निम्मा भाग मात्र चुकीचा होता. टँकरचे लॉगबुक आणि देयके पंचायत समितीकडे होती. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायचा असतो, आणि अर्जदाराला मदत करणे ही जन माहिती अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. तहसील कार्यालयाने अर्ज तीस दिवस ठेवून घेतला आणि मग फेटाळला. यावर अपील करता आले असते. मी ते करू नका असे सांगितले, कारण अकरा प्रश्नांवर भांडून वर्षभराने पुन्हा तेच एका ओळीचे उत्तर मिळाले असते.

कागदाचे नाव घेऊन

पोळ्याच्या नंतरच्या आठवड्यात, सप्टेंबर २०१९ च्या सुरुवातीला, दुसरा अर्ज लिहिला. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा असावा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. या नियमावर बरीच टीका झाली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे, परंतु माझा अनुभव असा की, अर्ज आखडता घेतला की तो नेमका होतो. जोडपत्र अ, म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यातल्या मजकुराचा गाभा असा होता :

“विषय : मौजे … येथे टँकरने केलेल्या पाणीपुरवठ्याचे अभिलेख. कालावधी : १ जानेवारी २०१९ ते ३० जून २०१९. (१) टँकर मंजुरीचा प्रस्ताव, संयुक्त पाहणी अहवाल व मंजुरी आदेश. (२) टँकरच्या लॉगबुकाची सर्व पाने. (३) देयकांसोबत जोडलेले जीपीएस अहवाल. (४) पुरवठादारास अदा केलेली देयके व त्यांवरील कार्यालयीन टिपण्या. वरील अभिलेखांचे प्रथम अवलोकन करावयाचे असून अवलोकनानंतर निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती हव्या आहेत.”

या मजकुरात कोणावर आरोप नाही आणि एकही प्रश्नचिन्ह नाही. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज पंचायत समितीच्या आवक विभागात दिला. तिथल्या लिपिकाने विचारलेच, “हे कशाला पाहिजे तुम्हाला?” कलम ६(२) प्रमाणे माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे अर्जदारावर बंधन नाही. अर्जदार तसे बोलला नाही, तो म्हणाला, “साहेब, पोच द्या.” कलमांपेक्षा अशी उत्तरे कार्यालयात जास्त चालतात.

सत्ताविसाव्या दिवशी पत्र आले की, माहिती ४१२ पानांची असून प्रतिपान २ रुपये याप्रमाणे ८२४ रुपये आणि टपालखर्च भरावा. अर्जातली अवलोकनाची ओळ कोणी वाचलेलीच नव्हती. अशा पत्रावर बहुतेक अर्ज थांबतात: पैसे भरवत नाहीत, आणि शुल्काचे पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांच्या मुदतीत धरले जात नसल्यामुळे कार्यालयालाही घाई नसते. कलम २ मधील माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येत कागद पाहणे, टिपणे घेणे आणि प्रती घेणे हे सगळे आहे. त्यात महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेल्या निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरावरील आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. हा निर्णय फारसा कोणाला ठाऊक नाही. त्या पंचायत समितीतही तो ठाऊक नव्हता. आम्ही त्याची छापील प्रत खिशात घालून गेलो.

सोमवारची दुपार

१४ ऑक्टोबर २०१९ चा सोमवार होता. पुढच्या सोमवारी विधानसभेचे मतदान असल्यामुळे निम्मे कर्मचारी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेलेले होते आणि कार्यालय ओस पडले होते. आम्हाला एका कोपऱ्यातल्या टेबलावर तीन लॉगबुके, देयकांची एक फाइल आणि मंजुरीच्या आदेशांचा गठ्ठा दिला गेला. लॉगबुके जानेवारी ते मार्चची होती. एप्रिल ते जूनची कुठे आहेत असे विचारल्यावर ‘लेखापरीक्षणाला गेली असतील’ आणि जीपीएसचे अहवाल कुठे आहेत असे विचारल्यावर ‘ते एजन्सीकडे असतात’ असे सांगण्यात आले. दोन्ही उत्तरे तोंडी होती. ती मी अवलोकनाच्या नोंदीत लिहून घेतली आणि खाली तारीख-वेळ टाकून लिपिकाची सही मागितली. त्याने ती बराच विचार करून दिली. पुढे अपिलात हाच कागद उपयोगी पडला.

आम्हाला मे महिना पाहायचा होता आणि समोर फेब्रुवारी आला होता. अर्जदार नाराज झाला. फेब्रुवारीबद्दल गावाची काही तक्रारच नव्हती. तरी पाने उलटायला लागलो. २८ दिवस, रोज ४ खेपा, एकूण ११२. एकही खाडा नाही. भरल्याच्या आणि रिकाम्या केल्याच्या वेळा रोज पाच-दहा मिनिटांच्या फरकाने त्याच. सगळा महिना एकाच निळ्या शाईत, एकाच दाबाने लिहिलेला. पानाच्या मागून बोट फिरवले तर पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत अक्षरांचे उठाव सारखे लागत होते. टँकरच्या केबिनमध्ये महिनाभर फिरलेल्या वहीला डिझेलचा, घामाचा, पाण्याचा एखादा तरी डाग असतो. या वहीला नव्हता.

सह्यांच्या रकान्यापाशी अर्जदाराचे बोट थांबले. २८ पैकी १९ दिवशी त्याच्या चुलतीची सही होती.

येथे एक गोष्ट मराठवाड्याबाहेरच्या वाचकासाठी सांगावी लागेल. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातल्या फडांवर चार-पाच महिने काढून पाडव्याच्या सुमारास परततात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे बायकाही जातात. २०१८ च्या दुष्काळात खरीप गेल्यामुळे या गावातून नेहमीपेक्षा जास्त कोयते गेले होते. अर्जदाराची चुलती पाणीपुरवठा समितीची सदस्य खरी, पण नोव्हेंबर २०१८ ते मार्च २०१९ अखेर ती सांगली जिल्ह्यातल्या फडावर होती.

आम्ही ४१२ पानांऐवजी ६३ पाने निवडली, १२६ रुपये भरले आणि साक्षांकित प्रती घेतल्या. प्रतींवर साक्षांकनाचा शिक्का आणि सही असल्याची खात्री पानापानावर केली. साधी झेरॉक्स पुढे कोणी मानत नाही.

दिवाळीआधी टोळ्या निघायच्या होत्या, त्यामुळे त्याच रात्री प्रती चुलतीला दाखवल्या. तिने बचत गटात सही शिकली आहे आणि आडनावातला रफार ती अक्षराच्या डोक्यावर न देता शेजारी देते. लॉगबुकातली सही एकटाकी, शाळामास्तराच्या वळणाची होती. कंदिलाजवळ धरून तिने ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, “बाळा, ही सही लई चांगली हाय. मला एवढी चांगली येत न्हाई.”

तिच्यासह पाच बायकांनी, आपण त्या काळात गावात नव्हतो आणि या सह्या आपल्या नाहीत, असे कागदावर लिहून खाली आपापल्या खऱ्या सह्या केल्या. राजस्थानातल्या कोट किराणा गावात १९९४ च्या डिसेंबरात मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली तेव्हा हजेरीपटावरची नावे लोकांपुढे वाचून दाखवली गेली होती. माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर पोचली ती अशाच वाचनांतून. आमचे वाचन एका ओसरीवर, सात-आठ माणसांत झाले, पण ज्याचे नाव कागदावर आहे त्यालाच तो कागद दाखवायचा, ही रीत तीच होती.

अपिले

उरलेल्या कागदांसाठी नोव्हेंबरात प्रथम अपील केले. जोडपत्र ब, २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि तीस दिवसांची मुदत. अपिलात दोनच मुद्दे होते. एप्रिल ते जूनची लॉगबुके लेखापरीक्षणाला गेली असतील तर ती कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेली याची नोंद असणारच, ती दाखवावी. आणि जीपीएस अहवाल एजन्सीकडे असला तरी तो पाहिल्याशिवाय देयक मंजूर करता येत नाही, म्हणजे तो कार्यालयाच्या नियंत्रणात आहे. कायद्याने ‘ताब्यात’ इतकेच नव्हे तर ‘नियंत्रणात’ असलेली माहितीही धरलेली आहे. शिवाय तीस दिवस उलटून गेल्यामुळे उरलेल्या प्रती कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य मिळाव्यात.

दरम्यान पुरवठादाराने हरकत घेतली. देयकांमध्ये व्यापारी गुपिते आहेत, ती उघड करू नयेत, असे त्याचे म्हणणे होते. कलम ११ प्रमाणे त्रयस्थ पक्षाला नोटीस देणे बरोबर आहे, परंतु हरकत आली म्हणजे माहिती नाकारायची असा त्याचा अर्थ नाही. निर्णय जन माहिती अधिकाऱ्याने स्वतः घ्यायचा असतो. टँकरच्या क्षमतेनुसार दिवसाचे भाडे आणि वर किलोमीटरचा दर, हे सरकारी आदेशाने ठरलेले असताना त्यात गुपित ते कसले, एवढाच युक्तिवाद केला. प्रथम अपिलीय अधिकारी असलेल्या गटविकास अधिकाऱ्यांनी डिसेंबरात सुनावणी घेतली आणि ‘शोध घेऊन पंधरा दिवसांत माहिती पुरवावी’ असा आदेश दिला. पंधरा दिवस गेले, महिना गेला, काहीच आले नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये राज्य माहिती आयोगाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे द्वितीय अपील दाखल केले. त्यासाठी ९० दिवसांची मुदत असते. अर्जदाराला कलम १८ ची तक्रार करायची होती, कारण त्यात दंड होतो असे त्याने ऐकले होते. पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितले आहे की, कलम १८ च्या तक्रारीत आयोग दंड करू शकतो, माहिती द्या असा आदेश करू शकत नाही. माहिती हवी असेल तर कलम १९ चे अपीलच करावे लागते. आम्हाला दंडापेक्षा लॉगबुक हवे होते.

मग टाळेबंदी आली. सुनावणी २०२२ च्या उन्हाळ्यात लागली, म्हणजे मूळ अर्जानंतर अडीच वर्षांहून अधिक काळाने. कायद्याने प्रथम अपिलाला तीस, फार तर पंचेचाळीस दिवस घालून दिले आहेत. द्वितीय अपिलाला मुदतच घातलेली नाही, आणि कायद्यातली सगळ्यात मोठी पळवाट माझ्या मते ही आहे. कलम ८ मधली अपवादांची यादी निदान वाचता तरी येते.

सुनावणी दूरदृश्य पद्धतीने झाली. जन माहिती अधिकारी दोन वर्षांत बदललेले होते. नव्या अधिकाऱ्यांनी सांगितले की, एप्रिल ते जूनची लॉगबुके आढळून येत नाहीत. ‘आढळून येत नाही’ हे माहिती नाकारण्याचे कारण कलम ८ मध्ये कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, अभिलेख सापडत नाही म्हटल्यावर तो शोधण्याचा खरोखर प्रयत्न व्हावा आणि गरज पडल्यास चौकशी व्हावी, असे म्हटले आहे. आपल्याकडे तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. ठरलेल्या पद्धतीविना अभिलेख नष्ट केल्यास त्यात पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आम्ही एवढेच मागितले की, लॉगबुके गहाळ आहेत असे कार्यालयाने प्रतिज्ञापत्रावर सांगावे आणि ती कोणाच्या ताब्यात असताना गहाळ झाली तेही त्यात लिहावे. आयोगाने तसा आदेश दिला आणि जीपीएस अहवाल एजन्सीकडून मागवून द्यावेत असेही सांगितले.

प्रतिज्ञापत्र सादर करण्याची मुदत संपायच्या चार दिवस आधी लॉगबुके सापडली. ती अभिलेख कक्षातच होती.

कलम २० प्रमाणे दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आयोगाने कारणे दाखवा नोटीस काढली, पूर्वीच्या अधिकाऱ्यांचा खुलासा आला, त्यात निवडणूक, बदली आणि टाळेबंदी अशी तिन्ही कारणे होती आणि दंड झाला नाही.

दोन महिने शेजारी ठेवून

जीपीएसचे अहवाल छापील आले, जवळजवळ दोनशे पाने. अर्जात ते सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागायला हवे होते. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती घेण्याचा अधिकार कायद्यात आहे आणि माझ्या हातून ते राहून गेले. त्यामुळे अर्जदाराने आणि मी पंधरा रात्री वहीवर हाताने हिशेब मांडला.

फेब्रुवारीत २८ पैकी २३ दिवसांची जीपीएस नोंद उपलब्ध होती. त्या २३ दिवसांच्या लॉगबुकात ९२ खेपा होत्या. उद्भवापासून गावापर्यंत टँकर खरोखर आल्याचे ५१ वेळा दिसत होते. मे महिन्यात ३१ पैकी २६ दिवसांची नोंद होती; लॉगबुकात १०४ खेपा, जीपीएसवर ७९. ज्या दिवसांची नोंदच नव्हती ते दिवस आम्ही सोडून दिले. यंत्र बंद पडते, रेंज जाते. न दिसलेली प्रत्येक खेप खोटी धरली असती तर पहिल्याच उलटतपासणीत सगळा तक्ता कोसळला असता.

गावाची तक्रार मेची होती आणि मोठी खोट फेब्रुवारीत निघाली. मे महिन्यात सगळे परतलेले होते, रांगेत हंडे होते, ओरडणारे तोंड प्रत्येक घरात होते. त्यामुळे टँकर कमी आला तरी चार खेपांपैकी तीन तरी आल्या. फेब्रुवारीत निम्मे गाव फडावर होते. मागे राहिली होती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे. त्यांना दोन खेपा पुरल्या, म्हणून कोणी तक्रार केली नाही. मंजुरी मात्र पूर्ण लोकसंख्येवर ४ खेपांचीच चालू राहिली. न आलेल्या पाण्याची देयके निघाली आणि त्यांवर, ज्या बायका तेव्हा शेकडो किलोमीटरवर ऊस तोडत होत्या, त्यांच्याच सह्या वापरल्या गेल्या. पहिल्या अर्जाच्या अकरा प्रश्नांतून हे कधीच बाहेर आले नसते, कारण ते विचारायचे कोणाच्या डोक्यातच नव्हते.

हा तक्ता, साक्षांकित प्रती आणि पाच बायकांचे लेखी म्हणणे जिल्हा परिषदेकडे दिले. चौकशी झाली आणि पुरवठादाराकडून फरकाची रक्कम वसूल करण्याचा आदेश निघाला. सह्या कोणी केल्या हे चौकशीत निष्पन्न झाले नाही. वसुली झाली का हे पाहण्यासाठी चलनाची प्रत मागणारा अर्ज केला. पहिल्या हप्त्याचे चलन मिळाले, दुसऱ्याबाबत ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर आहे.

एक गोष्ट आज हे प्रकरण पुन्हा करायचे झाल्यास अडचणीची ठरेल. वैयक्तिक माहितीविषयीचे कलम ८(१)(ञ) हे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने बदलले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. आधी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण आक्रमण करणारी माहितीच या कलमाखाली नाकारता येत होती. आता वैयक्तिक माहिती एवढे म्हटले तरी चालते. सह्यांचा रकाना झाकून लॉगबुकाची प्रत दिली गेली असती तर आमच्या हातात ११२ खेपांचे निर्दोष कोष्टक आले असते. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) मधील तरतूद अजून आहे, आणि यापुढे अशा अर्जांत ती पहिल्या अपिलापासूनच मांडावी लागेल.

२०२४ च्या उन्हाळ्यात गावाला पुन्हा टँकर लागला. अर्जदाराची चुलती अजून समितीवर आहे. टँकर हौदात रिकामा होईपर्यंत ती कडेला उभी राहते, मग चालकाकडून लॉगबुक मागून घेते, सहीशेजारी वेळ टाकते आणि त्या दिवसाच्या खाली ज्या ओळी रिकाम्या राहिल्या असतील त्यांवर तिरकी रेघ मारून वही परत देते.